मास स्पेकमध्ये ४४ चा जिना पुन्हा पुन्हा दिसतोय? कॉलम धुण्याआधी दार शोधा

मास स्पेकवर, म्हणजे रेणूंचं वजन मोजणाऱ्या यंत्रावर, पेप्टाइडचं (प्रथिनाच्या तुकड्यांचं) सॅम्पल लावलं. क्रोमॅटोग्रामच्या, म्हणजे कॉलममधून कोणत्या वेळी किती माल बाहेर पडला त्या आलेखाच्या, मध्यावर एक डोंगर उभा राहिला. तो उघडून पाहिला तर आत सारख्या अंतरावर पीक: ३७१, ४१५, ४५९, ५०३, ५४७. दर वेळी ४४ ची उडी. कॉलम रात्रभर धुतला, दोन दिवस सगळं छान चाललं, प्रथिनांची यादी नेहमीएवढी लांब आली. आणि तीन आठवड्यांनी पुन्हा तोच डोंगर, त्याच जागी.

हे वाचून "अरे, हे तर आमच्याकडेही" असं वाटलं असेल तर पुढचं तुमच्यासाठी आहे. मी पुण्यात प्रथिनांच्या विश्लेषणासाठीचं एलसी-एमएस (कॉलममध्ये मिश्रण वेगळं करून पुढे मास स्पेकमध्ये वजन मोजणारं यंत्र) सांभाळते. या एका जिन्यापायी आमचे जवळजवळ चार महिने गेले, एक चांगला कॉलम गेला, आणि एका विद्यार्थिनीवर आम्ही विनाकारण ठपका ठेवला. ते सगळं टाळता आलं असतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

हा जिना पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा, म्हणजे पीईजीचा. सी२एच४ओ हा एक मणी, त्याचं वजन ४४.०२६२ डाल्टन, आणि असे मणी ओवलेली माळ. माळ एका मण्याने लांबली की पीक ४४.०२६२ ने पुढे सरकतो. पीईजी विषारी नाही, दिसत नाही, वास येत नाही, पाण्यात सहज विरघळतं. औषधाच्या गोळीत, मलमात, शांपूत, भांड्यांच्या साबणात, ओल्या पुसण्यांत, सगळीकडे ते किंवा त्याचे नातलग असतात. आणि इलेक्ट्रोस्प्रेमध्ये, म्हणजे द्रावणाचे भारित थेंब उडवून रेणू यंत्रात सोडण्याच्या पायरीत, त्याचं आयनीकरण इतकं सहज होतं की पेप्टाइडच्या वाट्याचा भार ते पळवतं. डोंगराच्या खाली जी पेप्टाइड त्याच वेळी बाहेर पडतात, त्यांचे पीक खुजे होतात किंवा दिसतच नाहीत. शिवाय यंत्र सर्वांत उंच पीक निवडून त्यांचे तुकडे करत असेल, तर त्याचा बराचसा वेळ पीईजीचे तुकडे करण्यात जातो.

पीईजीचा या शास्त्राशी संबंध नुसता उपद्रवाचा नाही. येल विद्यापीठात जॉन फेन यांच्या गटाने इलेक्ट्रोस्प्रेमध्ये एकाच रेणूवर अनेक भार बसतात हे आधी पीईजीवरच दाखवलं. तो शोधनिबंध १९८८ चा आहे. प्रथिनं त्यानंतर आली. मोठे जैविक रेणू इलेक्ट्रोस्प्रेने मोजता येतात ही गोष्ट तिथून पुढे उभी राहिली, आणि २००२ मध्ये फेन आणि लेझरच्या वेगळ्या पद्धतीसाठी जपानचे कोइची तानाका यांना रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. म्हणजे पीईजीला भार धरायला किती आवडतं हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे. आपल्या कॉलममध्ये ते नको आहे, एवढंच.

आधी खात्री करा की हे पीईजीच आहे

सर्वांत जास्त फसगत ३७१ या आकड्यावर होते. आठ मण्यांचं पीईजी एक प्रोटॉन धरून ३७१.२२७६ वर दिसतं. पण हवेतल्या सिलिकॉनचा, म्हणजे पॉलिसिलॉक्सेनचा, एक पीक ३७१.१०१२ वर असतो. कमी रिझोल्यूशनच्या यंत्रावर दोन्ही नुसते "३७१" दिसतात. पुढची पायरी बघा म्हणजे उलगडा होतो. सिलिकॉनची उडी ७४.०१८८ ची असते, म्हणून त्याचे पुढचे पीक ४४५.१२०० आणि ५१९.१३८८ वर येतात. पीईजीचे ४१५.२५३८, ४५९.२८००, ५०३.३०६२, ५४७.३३२४ असे येतात.

४४५.१२ दिसला म्हणून घाबरू नका. तो प्रयोगशाळेच्या हवेतून थेट स्प्रेमध्ये येतो, पूर्ण रनभर कमीजास्त एका पातळीवर राहतो, आणि कित्येक जण त्याचाच उपयोग रनच्या दरम्यान वजनाचं कॅलिब्रेशन सावरण्यासाठी करतात. एखादा पीक रनभर सपाट आहे की विशिष्ट वेळी उगवतो आणि मावळतो, हा प्रश्न आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे. उगवून मावळणारी गोष्ट कॉलममधून आलेली असते.

पीईजी एकाच रूपात येत नाही. नऊ मण्यांची माळ प्रोटॉन धरून ४१५.२५३८, अमोनियम धरून ४३२.२८०३ आणि सोडियम धरून ४३७.२३५७ वर दिसते. त्यामुळे कधी कधी एकाऐवजी तीन जिने एकमेकांत गुंतलेले वाटतात. माळ लांब असली की दोन भार बसतात आणि उडी २२.०१३ ची होते. इथे यंत्र फसतं, कारण दोन भारांचा आयन म्हणजे पेप्टाइड असं त्याला शिकवलेलं असतं. शंका आली तर तुकड्यांचा स्पेक्ट्रम उघडा. त्यात ८९.०५९७, १३३.०८५९, १७७.११२१ हे पीक ठळक असले तर पेप्टाइडची आशा सोडा.

पायरी तीच, पाया वेगळा

आमची मोठी चूक इथे झाली. ४४ ची उडी दिसली, "पीईजी आहे" म्हणालो आणि थांबलो. पण ४४ ची उडी फक्त इतकंच सांगते की रेणूत इथिलीन ऑक्साइडची माळ आहे. पेशी फोडायला वापरतात त्या ट्रायटन एक्स-१०० या डिटर्जंटमध्येही तीच माळ आहे. भांड्यांच्या साबणातल्या फॅटी अल्कोहोल इथॉक्सिलेटमध्येही तीच. फरक असतो तो माळेच्या टोकाला काय बांधलं आहे यात, आणि ते शोधायला साधी वजाबाकी पुरते.

एक भार असलेला पीक घ्या. त्यातून प्रोटॉनचे १.००७३ वजा करा. उरलेल्यातून ४४.०२६२ जितक्या वेळा जाईल तितक्या वेळा काढा. बाकी बघा.

४१५.२५३८ घेतला: १.००७३ गेले, ४१४.२४६५ राहिले, त्यातून नऊ मणी म्हणजे ३९६.२३५९ काढले, बाकी १८.०१०६. हे पाण्याच्या रेणूचं वजन. म्हणजे माळेच्या टोकांना काहीच बांधलेलं नाही, हे निव्वळ पीईजी.

६०३.४१०३ घेतला तर बाकी ३०.०६२२ येते. हा ट्रायटन एक्स-१००. त्याच्या टोकाला ऑक्टिलफिनॉल असतं.

४५१.३६२९ घेतला तर बाकी येते १०.०९३४. ही बारा कार्बनची लॉरिल अल्कोहोलची शेपटी, म्हणजे बहुतेक वेळा धुण्याघासण्याचा साबण.

पीक अमोनियमचा असेल तर १.००७३ ऐवजी १८.०३३८ वजा करायचे. बाकी कशाशीच जुळत नसेल तर आधी हेच करून पाहा, कारण मोबाइल फेजमध्ये (कॉलममधून वाहणाऱ्या द्रावणात) किंवा सॅम्पलमध्ये अमोनियम कुठून तरी आलेलं असतंच. ट्वीन या आणखी एका डिटर्जंटचं गणित मात्र इतकं सरळ सुटत नाही. त्यात साखरेपासून बनलेला सॉर्बिटान, त्यावर कधी एक तर कधी जास्त फॅटी आम्लं, कधी काहीच नाही, अशी सरमिसळ असते आणि जिनेही अनेक असतात.

बाहेर पडण्याची वेळही बोलकी असते. निव्वळ पीईजी सी१८ कॉलमवरून (ज्यात अठरा कार्बनच्या तेलकट साखळ्या असतात) ग्रेडियंटच्या, म्हणजे पाण्यात अॅसिटोनायट्राइल हे द्रावक हळूहळू वाढवत नेण्याच्या, मधल्या भागात सुटतं, आणि जितकी माळ लांब तितकं उशिरा, म्हणून वेळ आणि वजनाच्या नकाशावर तिरपी रांग दिसते. ट्रायटन आणि साबण तेलकट शेपटीमुळे कॉलमला घट्ट धरून राहतात आणि अॅसिटोनायट्राइल बरंच चढल्यावर सुटतात.

आमच्याकडे काय झालं

पहिल्यांदा जिना दिसला तेव्हा रांगेत एका पीएचडीच्या विद्यार्थिनीची सॅम्पल्स होती. तिने पेशी फोडायला वापरलेल्या बफरमध्ये ०.१ टक्का ट्रायटन होतं, आणि तिने ते फॉर्मवर प्रामाणिकपणे लिहिलेलंही होतं. आम्ही दोन गोष्टी जोडल्या आणि निकाल दिला. तिची पुढची सॅम्पल्स थांबवली. यंत्र दोन दिवस धुतलं. जिना गेला. आमची खात्री पटली.

तीन आठवड्यांनी तो परत आला तेव्हा रांगेत तिची सॅम्पल्स नव्हती. तरी आम्ही म्हणालो, मागचं कुठेतरी राहिलं असेल. पुन्हा धुतलं. पुन्हा गेला. पुन्हा आला. दर धुण्यात आम्ही पुरावाच धुऊन टाकत होतो, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

चौथ्या वेळी मी जुन्या फायली उघडल्या आणि वर सांगितलेली वजाबाकी केली. पहिल्या दिवशीच्या फाइलमध्ये ६०३.४१०३ नव्हता, ६४७.४३६५ ही नव्हता. ट्रायटनची एकही पायरी नव्हती. होता तो १८.०१ बाकीचा निव्वळ पीईजीचा जिना. आणि त्याच्या मागे, ग्रेडियंटच्या शेवटाकडे, एक बुटका दुसरा जिना: ४०७.३३६७, ४५१.३६२९, ४९५.३८९२. बाकी १०.०९. इथॉक्सिलेट साबणात निव्वळ पीईजीही सोबत येतं, कारण तो साबण बनवतानाच ते थोडंफार तयार होतं. दोन्ही जिने एकाच बाटलीतून आले होते, फक्त मोठा पाहून आम्ही धाकट्याकडे बघितलंच नव्हतं.

त्या मुलीने दोन महिने सॅम्पल न लावता काढले होते. मी तिला बोलावून फायली दाखवल्या आणि माफी मागितली.

दार शोधण्याच्या चाचण्या

साबण आहे हे कळलं, पण आत कुठून येतोय? एलसी-एमएसमध्ये गोष्टी आत यायची दारं मोजकी असतात: पाण्याची बाटली, अॅसिटोनायट्राइलची बाटली, सॅम्पल उचलणारी सुई आणि तिचं धुण्याचं द्रावण, वायल (सॅम्पलची छोटी कुपी), आणि सॅम्पल स्वतः. प्रत्येक दाराची खूण वेगळी असते. खालच्या चाचण्या करताना कॉलम धुवायचा नाही, काहीही बदलायचं नाही, आणि एका वेळी एकच गोष्ट हलवायची.

आधी लागोपाठ तीन ब्लँक, म्हणजे पेप्टाइड नसलेले कोरे रन, लावा, सगळे एकसारखे, आणि ४१५.२५३८ या पीकचं क्षेत्रफळ लिहून ठेवा. ते दर ब्लँकला निम्मं, पाव असं उतरत गेलं तर मागच्या सॅम्पलचा माल कॉलममध्ये किंवा सुईत अडकलाय आणि हळूहळू निघतोय. तेव्हा धुणं हा खरा उपाय आहे. पण तिन्ही ब्लँकमध्ये आकडा तोच राहिला, तर कुणीतरी रोज नवा माल आत आणतंय, आणि धुऊन काही होणार नाही. आमचे तिन्ही आकडे जवळजवळ सारखे होते.

मग ती चाचणी करा जी मला आज सर्वांत मोलाची वाटते. एक ब्लँक लावा ज्यात ग्रेडियंटच्या आधी कॉलम दहा मिनिटं स्थिरावतो. दुसरा लावा ज्यात तो साठ मिनिटं स्थिरावतो. बाकी सगळं तेच. दुसऱ्यात डोंगर कित्येक पटींनी मोठा झाला तर दोषी आहे पाण्याची बाटली, ज्याला आपण ए म्हणतो.

कारण सोपं आहे. सुरुवातीला कॉलममधून दोन-तीन टक्केच अॅसिटोनायट्राइल जात असतं. अशा पाणचट द्रावणात पीईजी कॉलमच्या तोंडाशीच चिकटून बसतं. जितका वेळ पाणी वाहील तितकं ते साठत जातं, आणि ग्रेडियंट चढला की सगळं एकदम सुटतं. आकडे मांडून बघू. नॅनो कॉलमवर मिनिटाला ३०० नॅनोलिटर प्रवाह असेल तर साठ मिनिटांत १८ मायक्रोलिटर पाणी जातं. त्या पाण्यात एका मिलिलिटरमागे फक्त एक नॅनोग्रॅम पीईजी असलं, म्हणजे शंभर कोटी भागांत एक भाग, तरी कॉलमवर १८ पिकोग्रॅम जमतं. सुमारे ४६० डाल्टनच्या रेणूसाठी ते ३९ फेम्टोमोल झालं. यंत्र ठीक आहे का हे बघायला आपण बीएसएचं (गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिन प्रथिनाचं) जे मानक सॅम्पल लावतो ते अनेक ठिकाणी ५० फेम्टोमोलचंच असतं. म्हणजे जवळपास तेवढंच पीईजी, कुणीही न टाकता, नुसत्या पाण्यातून.

याच कारणाने एक इशारा. बाटलीतलं पाणी काचेच्या सिरिंजने थेट स्प्रेमध्ये सोडून बघायचा मोह होतो. जिना दिसला तर उत्तर मिळालं. पण नाही दिसला म्हणून पाणी स्वच्छ ठरत नाही, कारण तिथे कॉलम साठवण करायला नसतो. आम्ही याच चाचणीवर विसंबून पाण्याला एकदा निर्दोष सोडलं होतं.

तुमच्याकडे आधी ट्रॅप कॉलमवर, म्हणजे मुख्य कॉलमच्या आधीच्या छोट्या कॉलमवर, सॅम्पल चढवत असतील तर चढवणाऱ्या पंपाची बाटली वेगळी असते. मग स्थिरावण्याची वेळ नव्हे, चढवण्याची वेळ बदलून बघा. मिनिटाला ५ मायक्रोलिटरने पाच मिनिटं चढवलं तरी २५ मायक्रोलिटर पाणी ट्रॅपवरून गेलेलं असतं.

अॅसिटोनायट्राइलच्या बाटलीत, म्हणजे बीमध्ये, दोष असेल तर सहसा डोंगर दिसत नाही. बीचं प्रमाण चढेल तसा जिना हळूहळू उंचावत जातो आणि प्रमाण उतरलं की खाली बसतो. सुई आणि वायलसाठी एक रन असा लावा ज्यात इंजेक्शन होतच नाही, व्हॉल्व्ह फिरतच नाही, आणि दुसरा ज्यात नव्या वायलमधून स्वच्छ द्रावण उचललं जातं. फक्त दुसऱ्यात जिना आला तर सुई, तिचं धुण्याचं द्रावण, वायलचं झाकण यांच्याकडे बघा. उचलण्याचं प्रमाण एकावरून पाच मायक्रोलिटर केल्यावर डोंगर पाचपट झाला तर माल वायलमध्येच आहे.

आमच्याकडे साठ मिनिटांच्या ब्लँकमध्ये डोंगर दहा मिनिटांच्या पाचपटीहून मोठा आला. तेव्हा ए. पण एमध्ये तीन गोष्टी असतात: पाणी, फॉर्मिक आम्ल आणि बाटली. सीलबंद बाटलीतलं नवं एलसी-एमएस दर्जाचं पाणी आणि तेच जुनं आम्ल घेऊन नव्या बाटलीत ए बनवलं: डोंगर गायब. तेच नवं पाणी आणि तेच आम्ल आमच्या जुन्या बाटलीत भरलं: डोंगर हजर. पाणी सुटलं, आम्लही सुटलं. राहिली बाटली.

त्या दिवशी संध्याकाळी मी आमच्या मावशींना विचारलं की या बाटल्या कशा धुता. त्या म्हणाल्या, "मॅडम, बाकीच्या भांड्यांसारख्याच. तळाला पांढरा डाग दिसला की साबण लावून ब्रशने घासते, मग पाच-सहा पाण्यांनी खळबळते. ह्यांना साबण चालत नाही हे मला कुणी सांगितलंच नाही." खरं होतं. कुणीच सांगितलं नव्हतं. आमच्या चार बाटल्या आलटून पालटून वापरात यायच्या, त्यातली डाग पडलेली घासली जायची, आणि तिची पाळी आली की जिना परतायचा. धुण्याने जिना जायचा असं आम्हाला वाटायचं. खरं तर धुताना आम्ही ताजा ए बनवायचो आणि बाटली बदलली जायची, म्हणून तो जायचा.

उपाय

एच्या आणि बीच्या बाटल्यांना कधीही साबण लावू नका आणि त्या भांडी धुण्याच्या यंत्रातही घालू नका. रिकाम्या झाल्यावर जे द्रावण त्यात भरायचं त्याच द्रावणाने तीनदा खळबळून घ्या, एवढंच. डाग पडलेली, ओरखडे गेलेली बाटली वाचवत बसू नका, ती दुसऱ्या कामाला द्या. उरलेल्या एमध्ये नवा ए ओतू नका. एकदा साबण लागलेली बाटली मेथॅनॉल आणि आयसोप्रोपॅनॉलमध्ये दिवसभर भिजवून सुटेलही, पण आम्ही प्रयत्न केला तेव्हा ६० मिनिटांच्या ब्लँकमध्ये पुसटसा जिना राहिलाच. नळीच्या टोकाला बसवलेली गाळणी मात्र विसरू नका. तिच्या छिद्रांत साबण मुरतो. बाटली बदलली आणि गाळणी तीच ठेवली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

फॉर्मिक आम्ल काचेच्या बाटलीतलं घ्या आणि काचेच्या पिपेटनेच मोजा. प्लास्टिकच्या डब्यात राहिलेलं किंवा प्लास्टिकच्या टिपने उचललेलं गाढ आम्ल प्लास्टिकमधलं काय काय घेऊन येतं. बाटलीच्या तोंडाला पॅराफिल्म नको.

पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रावर १८.२ मेगाओम-सेंटिमीटर दिसतंय म्हणून पाणी निर्धोक आहे असं समजू नका. तो आकडा पाण्यातल्या आयनांबद्दल सांगतो. पीईजीवर भार नसतो, त्यामुळे त्या मीटरला ते दिसतच नाही. सेंद्रिय कार्बन मोजणारा वेगळा आकडा यंत्र देत असेल तर तो बघा.

हातांविषयी. डिसेंबर-जानेवारीत हात फुटतात, लोक क्रीम लावतात आणि मग हातमोजे चढवतात. हातमोज्याच्या बाहेरच्या बाजूला क्रीमचा हात लागतोच. आमच्याकडे आता क्रीम घरी गेल्यावर. थंडीतली दुसरी गोष्ट स्वेटर. लोकरीचं केराटिन मेंढीचं असतं, आणि डेटाबेसमध्ये फक्त माणसाची केराटिनं ठेवली असतील तर ते पीक निनावी राहतात आणि आपण नवं प्रथिन सापडल्याच्या आनंदात राहतो.

साबण खरोखर कॉलमपर्यंत पोचला असेल तर दार बंद केल्यानंतरच कॉलम धुवा. पाणी, मेथॅनॉल, अॅसिटोनायट्राइल आणि आयसोप्रोपॅनॉल समान भागांत आणि किंचित फॉर्मिक आम्ल, हे मिश्रण चांगलं काम करतं. कमी प्रवाहाने सोडा. आयसोप्रोपॅनॉल आणि पाणी एकत्र आलं की द्रावण फार घट्ट होतं आणि दाब झपाट्याने चढतो. आमचा जो कॉलम गेला तो याच कारणाने गेला: घाईघाईत नेहमीच्याच प्रवाहाने सोडलं.

सॅम्पलमध्येच असेल तर

बाकी ३०.०६ आली, डोंगर ब्लँकमध्ये नाही आणि सॅम्पलमध्येच आहे, तर ट्रायटन बफरमधून आलं आहे. अशा वेळी बहुतेक जण पेप्टाइड पुन्हा सी१८ टिपमधून काढतात. त्याने मीठ जातं, ट्रायटन जात नाही. ते पेप्टाइडसारखंच सी१८ ला चिकटतं आणि त्यांच्याबरोबरच सुटतं.

प्रथिनं अजून ट्रिप्सिनने कापली नसतील तर काम सोपं आहे. चार पट थंड अॅसिटोन घालून उणे २० अंशांवर रात्रभर ठेवा. प्रथिनं खाली बसतात, ट्रायटन अॅसिटोनमध्येच राहतं. सॅम्पल थोडं असेल तर एसपी३ पद्धत चांगली: चुंबकी मण्यांवर प्रथिनं बसवायची, ८० टक्के इथॅनॉलने दोनतीनदा धुवायची, आणि मण्यांवरच ट्रिप्सिन घालायचं. जेलमध्ये थोडंसं चालवून तो तुकडा कापून धुणं ही जुनी रीतही तितकीच भरवशाची आहे.

प्रथिनं कापून झाली असतील तर भाराचा फायदा घ्या. पीएच ३ च्या खाली पेप्टाइडवर धन भार असतो आणि ट्रायटनवर काहीच नसतो. स्ट्राँग कॅटायन एक्स्चेंजच्या छोट्या टिपमध्ये पेप्टाइड अडकतात, ट्रायटन २०-३० टक्के अॅसिटोनायट्राइलच्या धुण्यात वाहून जातं, मग अमोनियाने पीएच चढवून पेप्टाइड सोडवायची. त्या विद्यार्थिनीची थांबवून ठेवलेली सॅम्पल्स शेवटी अशीच स्वच्छ केली. जिना दिसला नाही.

पुढच्या खेपेला तिने ट्रायटनऐवजी सोडियम डिऑक्सिकोलेट वापरलं. ट्रिप्सिनला ते चालतं, आणि कापून झाल्यावर आम्ल घातलं की ते पांढरं साकळून खाली बसतं. सेंट्रिफ्यूज करून वरचं उचलायचं.

बाटल्यांना आता हिरवी फीत आहे. ही कल्पना मावशींची. हिरवी फीत म्हणजे साबण नाही, आणि त्या बाटल्यांचा कप्पाही त्यांनी वेगळा केला. दर सोमवारी पहिला रन साठ मिनिटं स्थिरावलेला ब्लँक असतो. ४१५.२५३८ आणि ४५१.३६२९ या दोन्ही पीकांचं क्षेत्रफळ मी वहीत लिहिते. आकडा मागच्या सोमवारच्या दुप्पट दिसला तर त्या दिवशी कुणाचंही सॅम्पल लागत नाही, आणि कॉलमला हात लावण्याआधी एची बाटली आणि तिची गाळणी बदलली जाते.